रांगोळीची रेघ आणि सात नंबरचे आयर्न

देवघराजवळच्या फडताळात रांगोळीचा जो डबा असतो, त्यातली वाटीभर पांढरी रांगोळी गेली दोन वर्षे माझ्या गोल्फच्या बॅगेत असते. सरावाच्या जागेच्या एका कडेला, जिथे गवत तसेही विरळ झालेले आहे, तिथे मी चिमटीने हातभर लांबीची सरळ रेघ ओढतो, ती लक्ष्याच्या दिशेला काटकोनात आणि माझ्या दोन पावलांच्या मधोमध येईल अशा बेताने उभा राहतो, आणि चेंडू न ठेवताच सात नंबरचे आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा लोखंडी डोक्याचा क्लब (चेंडू मारायची काठी), फिरवतो. त्यानंतर वाकून एवढेच पाहायचे असते की क्लबने जमीन रेघेच्या मागे, म्हणजे माझ्या उजव्या पायाच्या बाजूला खरवडली, की रेघेपासून पुढे, लक्ष्याच्या बाजूला. पहिल्या दिवशी वीस वेळा क्लब फिरवला, त्यांपैकी चौदा वेळा माती रेघेच्या मागे उडाली होती, आणि काही वेळा तर चांगली चार बोटे मागे. त्याआधीच्या तीन वर्षांत मारलेल्या असंख्य चेंडूंनी मला जे सांगितले नव्हते ते त्या चौदा खुणांनी सांगितले, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

गोल्फ शिकवणारे लोक अशी रेघ रंगाच्या फवाऱ्याने मारतात. तसा रंग मैदानावर मारणे मला बरे वाटेना, म्हणून मी चुन्याची फक्की न्यायला निघालो होतो. पत्नी म्हणाली, "चुना कशाला? गवत जळेल. रांगोळी न्या की." शिरगोळ्याची ती भुकटी गवताला काही करत नाही, हाताला लागत नाही, आणि तिचा एक गुण रंगात नाही. क्लब नुसता घासून गेला तरी रेघ तेवढ्या जागी फिसकटते, त्यामुळे जमीन कडक असून माती निघाली नाही तरीही खूण मिळते.

मी बडोद्याचा आहे, आणि बडोद्यात वाढलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा जी वस्तू येते ती बहुधा बॅट असते. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी १९४७ साली होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी ज्या शहरात रचली, तिथे दुसरे काही होणे कठीणच. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले गोल्फचे मैदान १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी तयार झाले, आणि १९९० च्या दशकात ते नव्याने घडवून लोकांसाठी खुले करणारे समरजितसिंह गायकवाड स्वतः रणजी करंडकात खेळलेले आहेत. मी क्लबच्या पातळीवर वीसेक वर्षे क्रिकेट खेळलो आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी गोल्फकडे वळलो. हे सांगण्याचे कारण असे की माझ्या स्विंगमधला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या क्रियेतला, सर्वांत चिवट दोष क्रिकेटमधून आला होता, आणि माझ्यासारखे इथे पुष्कळ आहेत.

क्रिकेटमध्ये चेंडू उंच मारायचा असेल तर आपण त्याच्या खाली जातो. मागच्या पायावर किंचित रेलतो, खालच्या हाताने बॅट वर काढतो आणि चेंडू उचलतो. हे करताना विचार करावा लागत नाही, शरीरच ते करते. गोल्फचा चेंडू गवतावर निश्चल पडलेला दिसला की तेच शरीर म्हणते, याला वर काढायला हवे. मग डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली आणताना, वजन उजव्या पायावरच राहते, उजवा हात मनगटातून लवकर सुटतो, क्लबचे डोके हातांच्या पुढे जाते आणि चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच आपल्या फिरण्याच्या कमानीचा तळ, म्हणजे सर्वांत खालचा बिंदू, गाठते. तळ गाठताना जमीन आड आली तर आधी माती उडते आणि चेंडू पन्नास पावलांवर जाऊन पडतो. जमीन आड आली नाही तर वर चढत निघालेल्या क्लबची खालची धार चेंडूच्या पोटावर आदळते आणि चेंडू सरपटत किंवा कमरेच्या उंचीने सुसाट सुटतो. या दोन फटक्यांना आपण फॅट आणि थिन अशी दोन नावे देतो आणि त्यांवर दोन वेगळी औषधे शोधतो. मी तीन वर्षे तसेच केले. फॅट बसला की पुढच्या खेपेस हात आखडून घ्यायचो, थिन बसला की पुन्हा खाली वाकायचो, आणि मुळात दोन्ही फटके एकाच दोषाची पोरे आहेत हे मला रांगोळीच्या रेघेने दाखवले.

चेंडूला उचलण्याचे काम क्लबचे आहे. सात नंबरच्या आयर्नचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, साधारण तीस ते चौतीस अंशांनी मागे कललेला असतो, आणि तेवढा कल चेंडू हवेत चढवायला पुरेसा आहे. खेळणाऱ्याने फक्त तो फेस चेंडूपर्यंत खाली येत असतानाच पोहोचवायचा. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचे मधले आयर्न आघाताच्या क्षणी सुमारे ४ अंशांनी खाली उतरत असते, आणि त्यांच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या तीन-चार इंच पुढे असतो. म्हणून त्यांचा डिव्हट, म्हणजे गवताचा उडालेला पापुद्रा, चेंडू जिथे होता त्याच्या पुढून सुरू होतो. हे वाक्य मी वाचलेले होते, दुसऱ्यांना सांगतही होतो. पण स्वतःचा डिव्हट नेमका कुठून सुरू होतो, हे मोजायला कधी वाकलो नव्हतो, कारण फटका मारल्याबरोबर नजर चेंडूच्या मागे जायची.

खाली येत मारावे लागते ते कशासाठी, हे मला एकदा घरी बसून पट्टीने मोजावेसे वाटले. गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या एकवीस मिलिमीटरच्या थोडी वर. आघाताच्या क्षणी फेस पंचवीस अंशांच्या आसपास कललेला धरला, तर तो चेंडूला जमिनीपासून सुमारे बारा मिलिमीटरवर स्पर्श करतो. मग मी माझे आयर्न दोन बोटांत सैल लोंबते धरले आणि टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने फेसवर ठिकठिकाणी टकटक केली. बाजूला टकटक केली की क्लब बोटांत वळवळतो, एका ठिकाणी मात्र तो न वळता सरळ मागे जातो, आणि तो स्वीट स्पॉट. माझ्या क्लबवर तो तळापासून जवळपास वीस मिलिमीटर वर निघाला. बारा आणि वीस यांच्यातले जे सात-आठ मिलिमीटर आहेत, तेवढा क्लबचा तळ चेंडूच्या तळाच्या खाली उतरला पाहिजे, तरच चेंडू स्वीट स्पॉटवर बसेल. त्यातली थोडी जागा गवत देते, कारण गवताने चेंडू किंचित वर उचलून धरलेला असतो, आणि उरलेली माती देते. मातीत उतरणे चेंडूला स्पर्श झाल्यानंतर घडले तर हा व्यवहार जमतो, आधी घडले तर सगळा जोर मातीच खाऊन टाकते. करंगळीच्या रुंदीहूनही कमी असलेल्या या अंतरावर फटक्याचे सगळे सुखदुःख अवलंबून आहे, हे त्या दिवशी हाताला कळले.

चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श अर्ध्या मिलिसेकंदाहूनही थोडा कमी काळ टिकतो. वरून खाली येण्यास क्लबला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि डोळ्याने काही पाहून हाताने त्यावर काही करण्यास माणसाला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे खाली येताना दुरुस्ती करता येत नाही. नीट बसणारा फटका आधीच ठरलेला असतो, तो उभे राहण्यात, वळण्यात आणि वजन सरकण्याच्या क्रमात ठरतो. म्हणून चेंडूच्या क्षणी मनगटाने काहीतरी करण्याचा जो जो सल्ला मला मिळाला, तो मी हळूहळू सोडून दिला.

त्या सल्ल्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा ऐकलेला सल्ला "डोके खाली ठेवा" हा होता. सुरुवातीला ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांनी तो प्रत्येक टॉप झालेल्या, म्हणजे चेंडूच्या माथ्यावर बसलेल्या, फटक्यानंतर दिला, आणि मी तो इतका मनावर घेतला की हनुवटी छातीला चिकटवून उभा राहू लागलो. त्यामुळे डावा खांदा हनुवटीखाली जायला जागाच राहीना, वळणे निम्म्यावर आले, आणि आघातानंतरही डोके खाली दाबून धरल्याने छाती लक्ष्याकडे फिरायची थांबली. छाती थांबली की हात एकटे पुढे जातात, डावे कोपर बाहेर मोडते आणि क्लब वर ओढला जातो. जो दोष घालवण्यासाठी डोके खाली ठेवले तोच त्यामुळे पक्का झाला. स्वीडनच्या गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टम यांच्या नावावर दहा मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांची, विजेतेपदे आहेत, आणि आघाताच्या आधीच त्यांचे डोके लक्ष्याकडे वळू लागलेले असते. चेंडू टॉप होतो तो बहुतेक वेळा नजर उठल्यामुळे नव्हे, तर पाठीचा कणा सरळ झाल्यामुळे, हात आखडल्यामुळे किंवा कमानीचा तळ मागे राहिल्यामुळे. नजर उठणे हा त्या सगळ्याचा परिणाम असतो.

कमानीचा तळ कुठे पडतो, याचे ढोबळ उत्तर सोपे आहे. डावा हात आणि क्लब मिळून जी लांब काठी होते, तिचा लोलक डाव्या खांद्यापासून लटकलेला आहे असे समजावे. खांदा जिथे असेल, तळ साधारण त्याच्या खाली पडेल. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, वळण्याऐवजी माझे शरीर चार इंच उजवीकडे सरकत होते आणि परत येताना तिथेच रेंगाळत होते, म्हणून तळही चार इंच मागे राहत होता. रांगोळीच्या रेघेमागची ती चार बोटे तिथून आली होती.

यावर उपाय मला माझ्या मामांमुळे सापडला, जरी त्यांनी आयुष्यात गोल्फचा क्लब हातात धरलेला नाही. तरुणपणी ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात नियमाने जात, जिथे प्राध्यापक माणिकरावांनी मल्लखांब, लाठी, मुद्गल यांची शिस्त रुजवली, आणि ऐंशीच्या घरात असूनही त्यांच्या खोलीत मुद्गलांची एक जोडी अजून भिंतीला टेकून उभी आहे. मागच्या दिवाळीत मी त्यांतला एक उचलून फिरवायला गेलो आणि दुसऱ्याच फेरीत खांदा भरून आला. मामा खुर्चीतूनच म्हणाले, "अरे, हातानं ओढू नकोस. आधी पाय, मग कंबर. मुद्गल येतो मागनं." मी पुन्हा प्रयत्न केला. पाच-सहा किलोचे ते लाकूड हातांच्या जोरावर खरोखरच येत नाही, ते पाठीमागे लोंबत असताना पायाने जमीन दाबून कंबर वळवावी लागते, मग ताण पाठीतून खांद्यात चढतो आणि लाकूड आपल्या वजनाने पुढे येते. उजव्या पायावर रेलून राहिले तर ते आपल्यालाच मागे खेचते. गोल्फचा क्लब हलका असतो, त्यामुळे तो हातांनी ओढला तरी येतो आणि आपली चूक लपून राहते. मुद्गल ती लपू देत नाही. आता सरावाला जाण्यापूर्वी मी रोज प्रत्येक बाजूने दहा फेऱ्या मुद्गल फिरवतो, सावकाश, आणि डाव्या टाचेवर वजन केव्हा येते याकडे लक्ष ठेवतो. ते क्लब खाली येण्यास सुरुवात होण्याआधी आले पाहिजे. हात वरच असतात, आणि खालचे शरीर निघालेले असते.

मैदानावर याला जोड म्हणून मी चेंडूच्या मागे पंचा ठेवतो. पंचाची घडी करून ती चेंडूच्या वीतभर मागे ठेवायची आणि पंचाला न लागता चेंडू मारायचा. आठवडाभरात घडी चार बोटांपर्यंत जवळ आणायची. सुरुवातीला पूर्ण स्विंग करू नये. घड्याळाचे काटे समजून हात नऊपासून तीनपर्यंतच न्यावेत, वेग निम्मा ठेवावा, आणि क्लब पंचात अडकला तर चिडून जोर वाढवू नये, कारण जोर वाढला की उजवा हात पुन्हा लवकर सुटतो. चेंडू पावलांच्या मधोमध किंवा एखादा चेंडूभर डावीकडे ठेवावा. मी पूर्वी फॅट टाळण्यासाठी तो उजव्या पायाकडे सरकवत असे, त्याने चार दिवस बरे वाटते आणि मूळ दोष आणखी आत रुततो.

तळ पुढे आला तरी एक प्रश्न उरतोच, तो म्हणजे चेंडू फेसच्या मधोमध लागतो की टोकाला. हे कळण्यासाठी फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर फासावा. प्रत्येक फटक्यानंतर पावडरीवर चेंडूचा गोल ठसा उमटतो, तो पाहावा, पुसावा, पुन्हा फासावे. माझे ठसे टोकाकडे, म्हणजे शाफ्टपासून (क्लबच्या दांड्यापासून) दूरच्या बाजूला, बोटभर सरकलेले होते. टोकाला लागलेला चेंडू क्लबला हातात फिरवतो, बोटांना झिणझिणी येते आणि अंतर घटते. कारण शोधताना असे दिसले की खाली येताना माझे नितंब चेंडूच्या दिशेने पुढे येत होते, कणा उठत होता आणि पुढे जागा न उरल्याने हात आत ओढले जात होते. भिंतीला पाठ करून, नितंब जेमतेम टेकतील असे उभे राहून, क्लबशिवाय वळण्याचा सराव केला. बॅकस्विंगमध्ये उजवे नितंब भिंतीला लागते, खाली येताना डावे लागले पाहिजे, आणि मध्ये भिंत सुटता कामा नये. हा सराव घराच्या ओट्याच्या भिंतीशीही होतो. ज्यांचे ठसे उलट टाचेकडे, शाफ्टजवळ पडतात, त्यांनी आपले वजन पावलांच्या चवड्यांवर जात आहे का हे आधी पाहावे, कारण तिथून शँक, म्हणजे चेंडू दांड्याच्या सांध्याला लागून आडवा जाणे, फार दूर नसतो.

पकडीबद्दल थोडेच सांगतो. पकड घट्ट झाली की दंडाचे स्नायू आखडतात, हात सेंटिमीटरभर आखूड होतात, आणि वर जो सात-आठ मिलिमीटरचा हिशेब मांडला त्यात सेंटिमीटर ही फार मोठी रक्कम आहे. समोर पाणी किंवा बंकर (वाळूचा खड्डा) असला की चेंडू थिन होतो त्याचे कारण बहुधा हेच. मी आता उभा राहिल्यावर क्लब जमिनीवरून किंचित उचलून त्याचे वजन बोटांना जाणवते का, ते पाहतो. वजन जाणवले नाही तर पकड घट्ट झाली आहे.

आपल्याकडच्या जमिनीचाही विचार करायला हवा, कारण शिकवणीचे जे व्हिडिओ आपण पाहतो ते बहुधा मऊ, दाट, वर्षभर हिरव्या गवतावर चित्रित केलेले असतात. बडोद्याच्या मे महिन्यात जमीन भाजलेल्या विटेसारखी होते. वेजच्या, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांसाठीच्या क्लबच्या, तळाला जो फुगवटा असतो, ज्याला बाउन्स म्हणतात, तो अशा जमिनीवर आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात जाते. उन्हाळ्यात मी कमी बाउन्सचे वेज वापरतो आणि चेंडू आधी, जमीन नंतर, हा क्रम अधिक कसोशीने पाळतो. पावसाळ्यात याच्या उलट होते. चिखलट जमिनीत क्लब जरासा मागे पडला तरी तो रुततो, चूक पदरात पडते, आणि सरळ कळते. म्हणून मला सरावासाठी ऑगस्टचा महिना सर्वांत प्रामाणिक वाटतो. हिवाळ्यात सकाळी दव असते, फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी येते, तेव्हा फटक्यागणिक फेस कोरडा पुसावा. उडालेले डिव्हट जागेवर ठेवून वाळूने भरावेत, आणि रेघ फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या मुख्य हिरवळीच्या पट्ट्यावर, कधीही ओढू नये.

ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला, हे सगळे लागू नाही. तिथे चेंडू टीवर उंच ठेवलेला असतो आणि डाव्या टाचेच्या रेषेत असतो, त्यामुळे कमानीचा तळ चेंडूच्या आधी येऊन क्लब वर चढताना चेंडू घेतला तर ते चांगलेच. पण शरीराचा क्रम तोच राहतो. ड्रायव्हरसाठी चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग हे गुणोत्तर जेमतेम दीडपर्यंत जाऊ शकते, त्यापुढे कितीही ताकद लावली तरी नाही. मधोमध न लागलेला चेंडू हे गुणोत्तर खाली आणतो, मग वाढवलेला जोर वाया जातो. भारताच्या गोल्फपटू अदिती अशोक लांब फटक्यांसाठी ओळखल्या जात नाहीत, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या चौथ्या आल्या. त्यांचे खेळणे पाहताना माझे लक्ष हल्ली चेंडूकडे नसते, त्यांच्या डाव्या पायाकडे असते.

गेल्या रविवारी सकाळी पुन्हा रेघ ओढली. पलीकडच्या झाडाखाली एक मोर पिसे झटकत होता आणि गवतावर अजून ओल होती. वीसपैकी सतरा खुणा रेघेच्या पुढे पडल्या, त्यांतल्या बहुतेक दोन ते तीन बोटे पुढे, उथळ आणि हातावर मावतील एवढ्या. मागे पडलेल्या तीनही शेवटच्या पाचांतल्या होत्या, म्हणजे दमल्यावर वजन पुन्हा उजव्या पायावर थांबते आहे. त्यामुळे या आठवड्यात रेघेवरचे स्विंग विसावरून पंधरावर आणले आहेत आणि मुद्गलाच्या फेऱ्या दहाच्या बारा केल्या आहेत. त्याहून लांब पल्ल्याचे आणि अवघड असे पाच नंबरचे आयर्न अजून बॅगेतून काढलेले नाही.